स्वमग्न मुलाची आठवी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 ने अभ्यासक्रम आणि परीक्षा या दोन्हींत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परीक्षेकडे लक्ष गेले. दहावीला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना ज्यादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण आठवीच्या जूनपासून दहावीच्या पेपरापर्यंतचा रोजचा दिवस कसा असावा, हे ज्या त्या हायस्कुलाच्या मर्जीवर राहिले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून त्या दिवसाबद्दल लिहीत आहोत.

सुरुवात सातवीतच करावी लागेल. गावची जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवीला संपते. तिथे एक-दोन शिक्षक दिवसभर वर्गावर असतात, मुलाची बसायची जागा ठरलेली असते. हायस्कुलात एकदम सात-आठ तास, जवळजवळ तितकेच शिक्षक, प्रत्येकाची बोलायची तऱ्हा निराळी आणि दर तासाला घंटा. जून संपायच्या आत मूल कान झाकून बाकाखाली बसते आणि त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो.

म्हणून सातवीच्या दुसऱ्या सत्रात हायस्कुलाच्या तीन भेटी ठेवाव्यात. पहिली शाळा सुटल्यावर, रिकाम्या इमारतीत. दुसरी तास चालू असताना, अर्धा तास. तिसरी मधली सुट्टी धरून. पहिल्याच भेटीत वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि फाटक यांचे फोटो काढून मुलाकडे द्यावेत. सुट्टीभर ते बघत राहते. सातवीच्या वर्गशिक्षकांनी एका पानावर लिहून द्यावे: मुलाला काय आवडते, कशाचा त्रास होतो, त्रास वाढण्याआधी ते काय करते (येरझारा घालते, एकच वाक्य घोकते, बोटे चावते) आणि तेव्हा आपण काय करायचे नाही. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. अशा वेळी खांदा धरला, मोठ्याने समजावले, 'माझ्याकडे बघ' म्हटले, की हमखास बिघडते. पान एकच असावे. दहा पानांचा अहवाल कपाटात जातो.

कोकणात वर्गखोलीची निवड हासुद्धा अभ्यासक्रमाचाच भाग मानावा. पत्र्यावर जुलैची सर कोसळली की शिक्षकांचे बोलणे दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. आवाज सोसत नसलेल्या मुलाला तर तो अक्षरशः दुखतो. त्याची तुकडी स्लॅबच्या किंवा कौलारू खोलीत बसवावी. याला निधी लागत नाही, मुख्याध्यापकांनी ठरवले की झाले. सर येईल तेव्हा तोंडी शिकवणे थांबवून फळ्यावरून काम द्यावे. ओले रेनकोट टांगायची दोरी त्याच्या बाकापासून लांब बांधावी; कुबट वासानेही काही मुले तासभर अस्वस्थ राहतात.

प्रत्येक हायस्कुलात एक शांत खोली हवी. चटई, दहा मिनिटांचे वाळूचे घड्याळ, एवढे पुरे. मूल 'खोलीत जायचे आहे' असे कार्ड दाखवून आपणहून जाते, आपणहून परत येते. ही खोली दोन प्रकारे वाया जाते: एकतर तिथे खेळाचे सामान भरले जाते, नाहीतर शिक्षक मुलाला तिथे 'पाठवू' लागतात. एकदा शिक्षा म्हणून पाठवलेले मूल तिथे पुन्हा पाऊल ठेवत नाही. दिवसाचे वेळापत्रक बाकावर चिकटवावे. शिक्षक रजेवर असतील तर परिपाठाआधीच त्या तासावर 'बदल' अशी चिठ्ठी लावून काय करायचे ते लिहावे. ऑफ तास या मुलांना सर्वांत जड जातो, कारण 'गप्प बसा' या सूचनेला शेवट नसतो.

पाठ वगळण्याची घाई करू नये. प्रश्नाची घडण बदलली तरी पुष्कळ काम होते. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला की पान कोरे येते. मुलाला पाऊस ठाऊक असतो. कोणता दिवस, कुठून सुरुवात, किती लिहायचे, हे कळत नाही. त्याऐवजी असे विचारावे: 'काल सकाळी पाऊस पडत होता. घरापासून शाळेपर्यंत वाटेवर दिसलेल्या पाच गोष्टी क्रमाने लिही. प्रत्येकीबद्दल दोन वाक्ये.' पऱ्ह्याचे (ओढ्याचे) पाणी साकवाच्या (छोट्या पुलाच्या) कितव्या दगडाला लागले होते, इतके नेमके उत्तर येते. 'लेखकाला काय वाटले असेल?' हा प्रश्नही असाच आधी 'काय घडले' आणि मग 'त्यावर लेखकाने काय केले' असा तोडून द्यावा.

कलम 17 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही उल्लेख आहे. सूट घेतली की मोकळ्या तासाला मूल मागच्या बाकावर बसून राहते. तो तास वयात येताना शरीरात होणारे बदल, 'नको' म्हणायला शिकणे, सुटे पैसे मोजणे आणि एसटीने एकट्याने जाणे यांसाठी राखून ठेवावा.

कार्यानुभवात इथले उद्योग आणावेत, पण जपून. काजूबी फोडताना टरफलातले तेल कातडी भाजते आणि बऱ्याच मुलांना हातमोजे सोसत नाहीत. त्यांना सोललेल्या गराची प्रतवारी द्यावी. रातांबे (कोकमाची फळे) उन्हाळ्यात येतात, तेव्हा शाळा बंद असते. आमसुलांची निवड, वजन आणि पाकिटे भरणे मात्र पहिल्या सत्रातही जमते.

हे सारे विशेष शिक्षकांच्या आधाराशिवाय चालणार नाही. एकाच शिक्षकाने अनेक शाळा फिरायच्या, तर कुठल्याच मुलाची घडी बसत नाही. निदान आठवीचे पहिले सहा आठवडे त्यांना एकाच हायस्कुलात रोज थांबू द्यावे.

याचे परिपत्रक जानेवारीत काढावे, ही विनंती. जूनमध्ये निघाले, तर सातवीतल्या तीन भेटींची वेळ तोवर टळलेली असेल.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील विशेष शिक्षक आणि पालक