एक मिलिमीटर

रविवार, रात्री उशिरा

प्रिय बुडबुड्या,

तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलं नाही आणि चौथा तू पाठवला नाहीस. बरोबर केलंस. फोनही दोनदा हातात घेऊन ठेवून दिला. फोनवर तू मधेच हसला असतास नाहीतर मधेच ओरडला असतास, आणि दोन्हीत मी मुद्दा गिळून टाकला असता. म्हणून हे पत्र. तब्येत ठीक आहे, गुडघा कुरकुरतो, गोळी घेतो. झालं.

आपला तांब्याचा ब्लॉक सापडला, ज्याच्यावर आपण पाणी उकळायचो तो.

लॅबच्या मागच्या कपाटात, सरांच्या जुन्या मॅनोमीटरच्या मागे, टेफ्लॉनच्या त्याच तुकड्यात गुंडाळलेला. थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या, भोकांमध्ये आपलं एपॉक्सी अजून आहे, तुझ्या हातचं, म्हणजे अर्धं भोकात आणि अर्धं बाहेर. मला सापडला असता तर मी हातात घेऊन दोन मिनिटं भावुक झालो असतो आणि परत ठेवला असता. पण तो माझ्या विद्यार्थिनीला सापडला, आणि ती भावुक होणाऱ्यातली नाही. तिने सरळ मोजायला व्हर्निअर लावलं.

थोडं मागून सांगतो. तिच्या पीएचडीचं काम आपल्या खाचांवरून सुरू झालं. पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पाडल्या की त्यात वाफ अडकून राहते, बुडबुडे लवकर आणि जास्त ठिकाणी सुटतात, म्हणून तेवढीच उष्णता कमी तापमानफरकात निघून जाते. आपला निष्कर्ष १५ टक्के सुधारणा, आणि तो तिने पाया म्हणून धरलेला. स्वतःचा नवा ब्लॉक बनवला, साधा पृष्ठभाग चालवला, उष्णता आणि तापमानफरकाचा वक्र आपल्या वक्रावर जाऊन बसला. मला केवढा आनंद! मग खाचा पाडल्या. किती उष्णतेला ब्लॉक जळतो ती मर्यादा आपल्याइतकीच वाढली, पण १५ टक्के काही येईनात. दोन टक्के, तीन टक्के, एकदा तर उणे एक.

चार महिने, बुडबुड्या. चार महिने ती स्वतःला दोष देत होती. एपॉक्सी बदललं. थर्मोकपल पुन्हा बर्फात आणि उकळत्या पाण्यात कॅलिब्रेट केले. पाण्यातली विरघळलेली हवा नीट गेली नसेल म्हणून प्रयोगाआधी दोन-दोन तास पाणी नुसतं उकळत ठेवलं. (हो, दोन तास. तू म्हणायचास तेवढे. मी अर्ध्या तासात भागवायचो आणि तुला ‘उकळशास्त्री’ म्हणायचो. त्या वादात तू बरोबर होतास, हे इथे लेखी देतो. या पत्रात असं आणखी एकदा येणार आहे, तेव्हा लगेच फुगू नकोस.) आणि मी तिला काय सांगत होतो? ‘पुन्हा कर. तुझ्याच हाताचं काहीतरी असेल.’

ड्रॉइंगमध्ये वरच्या थर्मोकपलपासून पृष्ठभागापर्यंत ३ मिलिमीटर आहेत. तिच्या व्हर्निअरने २ दाखवले.

तुला गणित सांगायची गरज नाही, पण मी ते त्या रात्री चार वेळा केलं, म्हणून तूही एकदा वाच. चौरस सेंटिमीटरला ८० वॉट, तांब्याची उष्णतावाहकता ३९० धर, म्हणजे दर मिलिमीटरला साधारण २ अंशांचा उतार. पृष्ठभागाचं तापमान आपण कधी मोजलंच नव्हतं. वरच्या भोकातल्या तापमानातून ३ मिलिमीटरचे ६ अंश वजा करत होतो. वजा करायचे होते ४. म्हणजे पृष्ठभाग आपण समजत होतो त्याहून २ अंश गरम होता. आपण छापलं की खाचांमुळे पृष्ठभाग आणि पाणी यांतला फरक १५ अंशांचा १३ झाला. अरे, ते १५चं १५च होतं. तिने आपला खाचांचा जुना डेटा २ मिलिमीटर धरून पुन्हा काढला, तर खाचांचा वक्र आणि साध्या पृष्ठभागाचा वक्र असे एकमेकांवर बसले की स्क्रीन मोठी करून बघावी लागली. आपली १५ टक्के सुधारणा लेथच्या चुऱ्यात गेली.

जळण्याची मर्यादा मात्र शाबूत आहे. उष्णता किती वाहते हे भोकाभोकांतल्या फरकावरून निघतं, आणि भोकांची आपसातली अंतरं कोणी खरवडली नाहीत. म्हणजे अर्धा पेपर जिवंत आहे. दुर्दैव असं की लोकांनी दुसरा अर्धा उचलला.

आता एका मिलिमीटरपैकी अर्धा तुला माहीत आहे. खाचा पाडण्याआधी वर्कशॉपमधल्या काकांनी ‘तोंड साफ करून देतो’ म्हणत, म्हणजे फेसिंग करत, लेथवर अर्धा मिलिमीटर खरवडून घेतला, तेव्हा तू शेजारी उभा होतास. ‘उंची पुन्हा मोज,’ तू म्हणालास. मी म्हणालो, ‘अर्ध्या मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय?’ तू म्हणालास, ‘तू मोजणार नसशील तर मी मोजतो.’ मी म्हणालो, ‘मोजतो रे बाबा.’ आणि मोजली नाही. हे तुलाही ठाऊक असणार, कारण नंतर दोन दिवस तू माझ्याशी फक्त वॉटमध्ये बोलत होतास.

दुसरा अर्धा तुला माहीत नाही.

तू आठ दिवस रजेवर गेला होतास तेव्हाची गोष्ट. तू येण्याआधी पूर्ण वक्र काढून टेबलावर ठेवायचा, असं माझ्या डोक्यात होतं. तापमान अचानक उडालं की हीटर बंद करणारा कटऑफ सारखा उगाच पडत होता, म्हणून मी तो बंद केला. रात्रीचे साडेअकरा. दर वीस मिनिटांनी पॉवर थोडी वाढवायची, स्थिर होऊ द्यायचं, नोंद करायची. तो खळखळाट तुला माहीत आहे, तासाभराने कानाला ऐकूही येत नाही. आणि एका पायरीवर तो दबला. कोणी तोंडावर उशी ठेवावी तसा. मी वर पाहिलं तर काचेतून पृष्ठभागावर एक चकचकीत चादर लवलवत होती, आणि तापमान नोंदणाऱ्या लॉगरवर १४०, १६५, २००. इतकी वर्षं सरांच्या तोंडून जे ऐकलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो: वाफेचा थर बसला, पाण्याचा आणि तांब्याचा संबंध तुटला. पाण्यापेक्षा पंचवीसपट कमी उष्णता वाहून नेणारी वाफ, आणि खाली हीटर ओततोच आहे. खरं सांगू? चार-पाच सेकंद मी स्विचकडे गेलो नाही. इतकं सुंदर दिसत होतं. बंद केला तेव्हा २९० झाले होते आणि तांबं काळंठिक्कर पडलं होतं.

सकाळी काकांकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, आणखी अर्धा मिलिमीटर घेतला, खाचा पुन्हा पाडून दिल्या. तू आलास तेव्हा ब्लॉक आरशासारखा होता. तू म्हणालास, ‘वा, चांगला जपलास.’ मी चहा आणायला निघून गेलो. छापलेला सगळा खाचांचा डेटा त्यानंतरचा आहे.

सांगितलं का नाही? तू ओरडला असतास म्हणून नव्हे. तू काहीच बोलला नसतास म्हणून.

जपानच्या नुकियामांची गोष्ट सर दर वर्षी सांगायचे, आठवतं? १९३४ साल, पाण्यात तार, तारेतून वीज. निक्रोमची तार अचानक वितळायची, मग त्यांनी प्लॅटिनमची घेतली आणि उत्कलनाचा वक्र पुढे नेला. आपण मागच्या बाकावर बसून सरांच्या आधी वाक्यं म्हणायचो. पण त्यातली खरी हुशारी मला आत्ता दिसली. त्यांची तारच हीटर होती आणि तारच थर्मामीटर. तारेचा विद्युतरोध मोजला की तिचं तापमान हातात. आपण ठोकळा घेतला, आणि तापमान मोजायची जागा आणि तापमान हवं असलेली जागा यांच्यामध्ये तीन मिलिमीटर सोडले. त्या तीन मिलिमीटरांत मी काय काय लपवलं बघ.

आणि एम्पेम्बा! गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं की नाही यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. तू टांझानियाच्या त्या शाळकरी पोराच्या बाजूने, १९६९चा त्याचा आणि ऑस्बोर्नचा पेपर नाचवत, आणि मी तुझ्या विरुद्ध, कारण तू बाजूने होतास. मग २०१६चा तो पेपर आला, की असा परिणाम काही सापडत नाही आणि तापमापक थोडासा वरखाली झाला तरी परिणाम असल्याचा भास होऊ शकतो. मी तो तुला ‘घे!’ एवढंच लिहून पाठवला होता. परवा पुन्हा वाचला. दुसऱ्याचा थर्मोकपल वरखाली झाला की मला किती स्वच्छ दिसतं, नाही?

अनिश्चिततेचा तक्ता आपण केवढ्या थाटात दिला होता! मोजमापांतल्या संभाव्य चुकांचा हिशेब मांडायची क्लाइन-मॅक्लिंटॉक यांची १९५३ची रीत, सगळं पद्धतशीर. भोकाच्या जागेसाठी ०.१ मिलिमीटर धरले होते, ते माझ्याच अक्षरात आहे. बाकीचा ०.९ कुठल्या रकान्यात लिहायचा ते त्या दोघांनी सांगितलेलं नाही.

हे सगळंही मी कदाचित मनातच ठेवलं असतं. पत्र लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. तीन आठवड्यांपूर्वी ब्लॉक आणि व्हर्निअर माझ्या टेबलावर ठेवून तिने विचारलं, ‘सर, हा ब्लॉक मधे कधी फेस केला होता का?’ मी म्हणालो, ‘आठवत नाही. बरीच वर्षं झाली.’

तिने मान डोलावली. वहीत लिहिलं: ‘फेसिंग: नोंद उपलब्ध नाही.’ ते वाक्य मी उलट्या बाजूने वाचलं. इतकं सभ्य वाक्य माझ्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं.

तिला संशय आहे का? मला वाटतं तिला खात्री आहे. त्या दिवसापासून ती मला प्रश्न विचारताना ‘ड्रॉइंगप्रमाणे’ हा शब्द जरा जास्त वापरते. तिच्या प्रबंधात एक आलेख असणार, आपला वक्र आणि तिचा वक्र, आणि खाली एक ओळ. ती ओळ काय असावी हे तिने माझ्यावर सोडलंय. ‘मागील निष्कर्षांशी तफावत आढळते, कारण अज्ञात’ असं मी लिहू दिलं तर ती लिहील, आणि तोंडी परीक्षेत त्या ‘अज्ञात’वरून तिला अर्धा तास सोलतील. मी शेजारी बसून पाणी पीत असेन.

म्हणून उद्या तिला सांगणार आहे. लेथ, कटऑफ, ते चार-पाच सेकंद, सगळं. मग जर्नलला दुरुस्तीचं टिपण पाठवायचं. पेपरवर तुझं नाव पहिलं आहे, म्हणून टिपणावरही लागेल, आणि इथेच माझी पंचाईत आहे. चूक माझी, नाव तुझं. मसुद्यात मी लिहिलंय की दुसऱ्या फेसिंगची माहिती पहिल्या लेखकाला नव्हती. ते वाक्य तुला नको असेल तर खोड, पण मी ते तुझ्यावर उपकार म्हणून घातलेलं नाही. तसंच घडलं होतं. सही करणार का एवढं सांग. सरांना सांगायचं का, हेही सांग. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण तांब्याबद्दलचं बरोबर ऐकू येतं.

तुझं ते नॅनोफ्लुइडचं, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या द्रवांचं, वर्षही डोक्यात फिरतंय. २००९ साली तिसाहून जास्त प्रयोगशाळांनी एकसारखे नमुने मोजले आणि उष्णतावाहकतेतली जादुई वाढ कुणालाच दिसली नाही, सगळं जुन्या सिद्धांतात बसलं. तू तेव्हा तुझे आलेख खणात टाकलेस, एक शब्द बोलला नाहीस आणि दुसऱ्या दिवशी नवीन काम सुरू केलंस. मी मनात म्हणालो होतो, याला काही वाटत नाही. आता विचारतो, किती उशिरा ते माहीत आहे: वाटलं होतं ना?

बाकी तुझं कसं? नव्या जागी चिप थंड करायला बुडवायच्या टाक्या आल्या का? द्रव ५० अंशांच्या आसपास उकळणारा असेल तर हवा काढायला विसरू नकोस, असं तुला सांगणं म्हणजे कहरच. मुलीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या ऑपरेशनबद्दल मी विचारायला हवं होतं, तेही राहिलं.

एक काम तेवढं कर. तुझ्याकडे ती हिरवी वही असणार, तू काही फेकत नाहीस. पहिल्या दिवशीची ब्लॉकची उंची त्यात असेल, तू मोजली होतीस, मला आठवतंय, कारण मी हसलो होतो. ते पान फोटो काढून पाठव. सुरुवातीचे ३ मिलिमीटर खरंच ३ होते का, ते टिपणात पुराव्याने द्यावं लागेल. ड्रॉइंगवर आता माझाही विश्वास नाही.

आणि कंडेन्सरचा नळ त्या दिवशी तूच बंद ठेवला होतास. त्यावर मी आजही ठाम आहे.

तुझा,
वॉटवाला