आमच्या दुकानाच्या वह्या पावसात भिजल्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

रस्तारुंदीकरणात आमचं औषधांचं दुकान पडलं, तेव्हा आतलं सामान नव्या वाचनालयात कपाटं करून मांडू, असा शब्द बैठकीत सगळ्यांसमोर मिळाला होता. त्या भरवशावर खोकी नेऊन दिली. गेल्या आठवड्यात सत्कारासाठी खोली हवी म्हणून ती व्हरांड्यात काढली. रात्री पाऊस झाला. सकाळी मलाच विचारलं, "हे भंगार नेताय कधी?"

भंगार! आजोबांच्या हातच्या वह्या आहेत त्या. डॉक्टरची चिठ्ठी आली की नंबर घालून वहीत उतरवायची, मग मिक्श्चर करायचं. वजनं तेव्हाची: 60 ग्रेनचा ड्रॅम, 8 ड्रॅमचा औंस. बाटलीवर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही एक डोस किती ते कळायचं. क्विनाइनच्या नोंदी पानंच्या पानं आहेत. आमच्या भागातला हिवताप आणखी कुठल्या दप्तरात सापडणार?

वडील अंथरुणावर आहेत. "कपाटं लागली का?" एवढंच रोज विचारतात. त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा.

1972 च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षांहून जुने, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज बसतात. आमच्या पहिल्या वह्या त्याहून जुन्या आहेत. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रियात स्टेबलर-लेडबीटर कुटुंबाचं 1792 चं औषधांचं दुकान 1933 साली बंद पडलं, 1939 साली त्याचं संग्रहालय झालं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्याकडून 1802 साली एरंडेलासाठी आलेली चिठ्ठी तिथे अभिमानाने सांगतात. एरंडेल आजोबांनीही अख्ख्या तालुक्याला दिलं. गिऱ्हाईक शेतमजूर होतं म्हणून त्याची चिठ्ठी कमी मोलाची का?

2025 मध्ये 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, आम्हीही पेढे वाटले. पण साध्या माणसाचं दुखणंखुपणं कुठल्या खात्याचा वारसा? प्रत्येक टेबलावर उत्तर एकच, "आमच्याकडे येत नाही."

खोकी आजच आत घ्या. वह्या पुराभिलेख संचालनालयाच्या जाणकारांकडून वाळवून घ्या. खोलीचा शब्द आता लेखी द्या. आणि रसकापूर, कुचला या विषांच्या बाटल्या अजून भरलेल्या आहेत, त्या शिपायाला उघडायला लावू नका.

आपला,
दुकानाच्या तिसऱ्या पिढीचा फार्मासिस्ट