ढोल टपावर घेणाऱ्या पोरांचे आभार

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला निघालेली आमची पिकअप देवगोई घाटात बसली. क्लचप्लेट गेली. चूक आमचीच, माणसं कोंबली होती. मागून आलेल्या जीपमधल्या पोरांनी काही न विचारता आमचा मोठा ढोल टपावर चढवला. दोरी नव्हती, तर एकाने डोक्याचा फेटा सोडून तो आवळून बांधला. आमच्या म्हाताऱ्यांना आत बसवलं, स्वतः मागे लटकले. पुढे एका मावशींनी भाकरी न् लसणाची चटणी दिली, पैशाचं नाव काढू दिलं नाही.

पोचलो तेव्हा मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या, म्हणजे होळीत नाचणारे, रंगात आले होते. पहाटे होळी पेटली, आमचाही ढोल वाजला. गर्दीत तुम्हाला शोधलं, दिसला नाहीत. नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार, दादांनो. फेटा आमच्याकडेच आहे, धुऊन ठेवलाय.