मी फितूर नाही साहेब, मला फक्त पिशवीचा रंग आठवला नाही

प्रति,
मा. संचालक, अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य
(आणि मा. गृहमंत्री, कारण तुमचं खातं शेवटी त्यांच्याच गृह विभागात येतं)

विषय: घरफोडीच्या केसमध्ये पंच म्हणून साक्ष देताना गेल्या मंगळवारी मला भर कोर्टात फितूर (म्हणजे आरोपीच्या बाजूला गेलेला साक्षीदार) ठरवल्याबाबत.

स.न.वि.वि.

साहेब म्हणतोय, मॅडम असाल तर माफी असावी. तुमच्या खुर्चीवर सध्या कोण आहे हे आमच्या गावात कोणालाच माहीत नाही, दोन वकिलांना विचारलं तर तेही म्हणाले बघून सांगतो. कलेक्टर माहीत असतो, एसपी माहीत असतो, फौजदाराची बदली झाली तर चौकात बॅनर लागतो, पण सरकारच्या बाजूने कोर्टात उभं राहणाऱ्या खात्याला पण एक मुख्य माणूस असतो हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तेही स्वतःवर बेतल्यावर.

माझं पोलीस ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. एफआयआर, पंचनामे, चार्जशीट सगळं माझ्याच मशीनवर निघतं (उधारी किती आहे ते आज काढत नाही), त्यामुळे कलमं थोडीफार पाठ झालीत. आणि दुकान समोरच असल्यामुळे पंच लागला की हवालदार रस्ता ओलांडून येणार, चला हो, दहा मिनिटांचं काम आहे. नाही म्हणायची सोय नाही. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १०० मध्ये लिहिलंय की लेखी बोलावूनही विनाकारण नकार दिला तर आयपीसी (दंड संहिता) १८७ लागू शकायचं, म्हणजे नकार हाच गुन्हा. त्याच कलमात हेही लिहिलंय की पंच हा त्या भागातला स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावा. प्रतिष्ठित हा शब्द लक्षात ठेवा साहेब.

तर नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी होऊन आठवडाही झाला नव्हता, मी दिवसभर बँकेच्या लाइनीत उभा राहून चार हजार घेऊन आलो होतो आणि शटर उघडतोय तोच दहा मिनिटांचं काम आलं. गावातल्या एका आजींच्या घरी रात्री घरफोडी झाली होती, पाटल्या आणि बोरमाळ गेली होती. पकडलेल्या पोराने कबूल केलं की दाखवतो, मग जीपमधून त्याच्या वस्तीवर, अंधार, लाइट गेलेली, हवालदाराच्या मोबाइलची बॅटरी, कडब्याच्या गंजीखाली हात घालून त्याने एक पिशवी काढली. सोनं मी डोळ्यांनी बघितलं. सोनाराने वजन केलं ते बघितलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, सीलच्या चिठ्ठीवर पण केली. घरी यायला साडेअकरा वाजले. दहा मिनिटं.

त्यानंतर नऊ वर्षं मी तारखेला जातोय. समन्स आली सतरा, गेलो चौदा वेळा. कोर्ट सव्वीस किलोमीटरवर, एसटीने २०२५ च्या जानेवारीत जवळजवळ १५ टक्के भाडं वाढवलं ते वेगळंच. सकाळी अकराला पॅसेजमध्ये उभं राहायचं, बाकडं एकच आणि त्याचा एक पाय विटेवर, पुकारा होईपर्यंत लघवीला जायची पण भीती. मग कधी आरोपी नाही, कधी आरोपीचा वकील नाही, कधी मुद्देमाल आला नाही, कधी जज साहेब रजेवर, एकदा सगळे होते तर सरकारी वकीलच दुसऱ्या कोर्टात होते. संध्याकाळी पाचला कळायचं, पुढची तारीख. एका दिवसाचा धंदा आठशे धरा, तिकीट, वडापाव, चहा, मिळून बारा-तेरा हजार तरी माझे गेले असतील, हिशोब वहीत नाही डोक्यात आहे. साक्षीदाराला भत्ता असतो असं कायद्यात आहे. मला एकदा विचारलं होतं, भत्ता पाहिजे का, मग फॉर्म भरा आणि अमुक टेबलला जा. त्या टेबलवाला रजेवर होता.

२००० साली सुप्रीम कोर्टाने स्वरणसिंग विरुद्ध पंजाब या केसमध्ये हेच सगळं लिहून ठेवलंय, साक्षीदाराला बसायला जागा नसते, पाणी नसतं, दिवसभर थांबवून परत पाठवतात, शेवटी तो कंटाळतो. पंचवीस वर्षं झाली. बाकडं तेच आहे बहुतेक.

आता मंगळवार. बोर्डावर चौऱ्याहत्तर केसेस होत्या, मी स्वतः मोजल्या, दुसरं काम काय होतं. नऊ वर्षांत मी चौथे सरकारी वकील बघतोय, हे नवीन होते, तरुण, बिचाऱ्यांच्या हातात फायलींचा गठ्ठा छातीपर्यंत. मला पॅसेजमध्ये म्हणाले, तुम्ही कोणत्या केसमधले? मी सांगितलं. म्हणाले, पंचनाम्यात आहे तसं सांगायचं. मी म्हणलं साहेब नऊ वर्षं झाली, एकदा वाचायला द्या ना, माझीच सही आहे त्याच्यावर. म्हणाले आता वेळ नाही, वरती विचारतो तेव्हा बघू. तेवढ्यात पुकारा झाला.

वरती पिंजऱ्यात सगळं बरोबर सांगितलं मी. गंजी सांगितली, पाटल्या सांगितल्या, बोरमाळ सांगितली, सोनार सांगितला. पिशवी कोणत्या रंगाची, तर मी म्हणलो निळी असावी. आणि दोन पाटल्या की चार, तर म्हणलो दोन. पंचनाम्यात पिशवी काळी आणि पाटल्या चार. बास. वकील साहेबांनी लगेच परवानगी मागितली, साक्षीदार फितूर झाला आहे, आणि ज्या सरकारने मला बोलावलं त्याच सरकारचा वकील मला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायला लागला. टायपिस्ट टाइप करत होता ते मला अजून ऐकू येतंय, "हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस वाचविण्यासाठी खोटी साक्ष देत आहे." माझ्या तोंडचं वाक्य आहे हे, रेकॉर्डवर. मी ते बोललोच नव्हतो, मी फक्त मान हलवली होती.

घरी येऊन मी पुराव्याचा कायदा काढला. कलम १५४, आपल्याच साक्षीदाराला तसे प्रश्न विचारायची परवानगी, त्यात फितूर हा शब्द कुठेच नाही. आणि पाचच कलमं पुढे १५९, साक्षीदाराला कागद बघून आठवण ताजी करता येते. म्हणजे कायद्यानेच सोय ठेवली होती हो! कोर्टाला विचारून पंचनामा समोर धरला असता तर मीच म्हणलो असतो, हां, चार, बरोबर, ही माझी सही. एका झेरॉक्सवाल्याला जे कलम सापडतं ते एमपीएससीची परीक्षा देऊन आलेल्या माणसाला माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. माहीत असणारच. चौऱ्याहत्तर केसेस असल्यावर माहीत असून उपयोग काय.

आणि हे कोणाचं काम आहे, तर तुमचं. १९९५ साली शहाणे केसमध्ये, आपल्या महाराष्ट्राचीच केस, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी वकील पोलिसांच्या हाताखाली नकोत, त्यांचं वेगळं खातं करा. केलं. मग १ जुलै २०२४ ला नवीन कायदे आले, केवढा गाजावाजा, आमच्या ठाण्यात पण मंडप टाकून कार्यक्रम झाला (पत्रकं माझ्याकडेच छापली). त्यातल्या बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २० मध्ये आहे की दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांवर संचालकांनी स्वतः लक्ष ठेवायचं आणि काम लवकर पुढे न्यायचं. आमची केस आयपीसी ४५७ ची, चोरीसाठी रात्रीची घरफोडी, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. म्हणजे ही तुमच्या टेबलावरची केस झाली की. जुना गुन्हा, जुना कायदा असं तुम्ही म्हणाल, म्हणा, पण मग निदान नवीन केसेसची तरी एखादी फाइल उघडून बघताय का?

मोठ्या केसेसला सगळं असतं. विशेष सरकारी वकील असतात, त्यांच्यामागे कॅमेरे असतात. कसाबला बिर्याणी पाहिजे होती हे आख्ख्या देशाला तोंडपाठ होतं, आणि ज्या विशेष सरकारी वकिलांनी ते सांगितलं त्यांनीच २०१५ मध्ये सांगितलं की ती गोष्ट आपण रचली होती. त्यांना कोणी फितूर म्हणलं नाही. मी पिशवीचा रंग चुकलो. राजकीय आंदोलनांचे खटले मागे घ्यायचे असले की जीआर कसे पटापट निघतात, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आमदार खासदारांवरच्या केसेस हायकोर्टाला विचारल्याशिवाय मागे घेऊ नका. तिथे खातं जागं असतं. देशातल्या खालच्या कोर्टांत साडेचार कोटींच्या वर केसेस पडून आहेत म्हणतात, त्यातला पाऊण हिस्सा तरी फौजदारी, प्रत्येकी दोन पंच धरा, जवळजवळ सात कोटी पंच झाले. प्रत्येक केसला पंच नसतात हे मला कळतं. तरी अर्धा महाराष्ट्र पॅसेजमध्ये उभा आहे समजा.

त्या आजी २०२१ मध्ये कोरोनात गेल्या. त्यांच्या सूनबाई माझ्या दुकानात नेहमी यायच्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, काही असलं की काका एवढं काढून द्या. गावच्या ग्रुपवर बुधवारी कोणीतरी टाकलं, झेरॉक्सवाले फितूर, रेट काय? खाली हसायचे चेहरे एकोणीस. परवा सूनबाई माझ्या दुकानासमोरून गेल्या, हातात आधारकार्ड होतं, आणि पुढे स्टँडजवळच्या दुकानात गेल्या. मी एक रुपया कमी घेतो तरी. बायको म्हणते सोड, लोक विसरतात. लोक विसरतील हो, नऊ वर्षांत मी विसरलो तसे. पण माझ्या नावापुढचं ते रेकॉर्डवरचं कोण काढणार? उद्या आरोपी सुटला तर निकालपत्रात येणार, पंच फितूर झाला.

मला नुकसानभरपाई नको, भत्ता पण राहू द्या त्या टेबलावाल्याकडे. साक्षीच्या आधी साक्षीदाराला त्याची सही असलेला कागद वाचायला द्यायचा, शांतपणे, बसवून, एवढं एक परिपत्रक तुमच्या सहीने काढा. आणि विसरणारा आणि विकला गेलेला यात फरक करायला तुमच्या लोकांना सांगा. जिल्ह्याच्या कार्यालयात मी अर्ज द्यायला गेलो होतो, तिथे म्हणाले साक्षीदाराचा अर्ज घ्यायचं आमच्याकडे रजिस्टरच नाही. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय.

काल संध्याकाळी हवालदार परत रस्ता ओलांडून आले. नवीन कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पाहिजे म्हणून मोबाइल हातातच होता. चला हो, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हणलं, अहो मी फितूर ना आता. ते हसले, म्हणाले ते त्या केसमध्ये.

गेलो. पिशवी पांढरी होती, लाल पट्ट्याची, बंद तोडलेला. आल्या आल्या उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, तारीख टाकून.

आपला,
ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला
(पंच क्र. २)