राणी माझ्या गळ्यात पडली आहे

सांगली,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढे वाच. दिवाळीत फोन करते म्हणाले होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आता बाजारात हापूस आला. प्रकृती ठीक. शुगर गोळ्यांवर, गुडघे देवावर, ह्यांचं बीपी ह्यांच्या स्वभावावर. झाली ख्यालीखुशाली.

लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "एवढं काय त्यात?" म्हणतील. आपल्या जुन्या मंडळींनी एस्किलसचं ते ग्रीक ‘ओरेस्टिया’ पुन्हा काढलंय. नाटक नव्हे, अभिवाचन. सरांचीच संहिता, आता झेरॉक्सची झेरॉक्स, अर्ध्या ओळी अंदाजाने वाचायच्या. आणि क्लायटेम्नेस्ट्रा, ती नवऱ्याला मारणारी राणी, माझ्या गळ्यात पडली आहे. हसलीस ना? बाळ्या तोंडावर म्हणाला, "इलेक्ट्रा आता तुला शोभायची नाही, आणि सुमा काही बडोद्याहून येत नाही." म्हणजे तेव्हा तू राणी होतीस म्हणून मी तिची मुलगी इलेक्ट्रा, आता तू नाहीस म्हणून मी राणी. ते भांडण आज उकरत नाही. फक्त शेवटच्या आठवड्यापर्यंत सर राणीसाठी माझंच नाव घेत होते, एवढं नोंदवून ठेवते.

पाठांतर नाही, हातात कागद असणार, तरी त्या मशालींच्या भाषणाने जीव काढलाय. ट्रॉय पडलं ही बातमी एका रात्रीत आर्गॉसला कशी पोचली ते राणी कोरसमधल्या त्या म्हाताऱ्यांना डोंगरागणिक सांगते: इडा, मग लेम्नॉस, मग अ‍ॅथॉस, पुढे मेसापियन, किथेरॉन, करत करत आराख्नेयन. पोळ्या लाटताना मी ही नावं घोकते, आणि हे बाहेरून विचारतात, "कुठलं स्टेशन आलं?" पण गंमत बघ, तिने सांगायच्या आधीच ते म्हातारे ठरवून बसलेत की बाई आहे, कानावर आलं ते खरं धरून बसली असेल. तेव्हा ती त्यांना भूगोल शिकवते. इ.स.पू. 458 मध्ये एस्किलसने हे लिहिलं, स्पर्धेत पहिला नंबर काढला, आणि ही बाई मुखवटा घालून एका पुरुषाने केली. आपल्या स्पर्धेतले परीक्षक "पुरुषी वाटते" म्हणाले होते तुला, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता मुद्दा. दिग्दर्शनाला एक नवा मुलगा आहे. हुशार आहे, मला ‘मॅम’ म्हणतो, आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, "मॅम, पहिल्या ओळीपासून मनात इफिजेनिया ठेवा. प्रेक्षकांना आईचं दुःख दिसलं की ते खुनाला माफ करतील." मी म्हटलं, अरे बाबा, पण राणी त्या बळी गेलेल्या पोरीचं नाव आधी घेतच नाही! तू संहिता काढून बघ सुमे. मुलीचा बळी आपल्याला कळतो तो त्या म्हाताऱ्यांकडून. ट्रॉयला निघालेलं सैन्य ऑलिस बंदरात, वारा अडलेला, जहाजं कुजायला लागलेली, आणि बाप म्हणतो उचला. शाप देऊ नये म्हणून तोंडात बोळा. केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलेलं. बोलता येत नाही म्हणून एकेकाकडे नुसती बघते, आणि हीच पोर बापाच्या पंगतीत पाहुण्यांसमोर गात असे. हे सगळं ते सांगतात. आई? आई मशालींची गणती सांगते. एकदाच म्हणते की सैन्य देवांचा अपराध न करता परतलं, तरी मेलेल्यांचं दुःख जागं होऊ शकतं. बस, एवढंच. कुणाला कळतसुद्धा नाही ती कुणाबद्दल बोलते आहे.

मग तिचा नवरा अ‍ॅगमेम्नॉन युद्धावरून येतो, ती त्याला त्या जांभळ्या वस्त्रांवरून चालत आत नेते, आणि तो "एवढी महाग वस्त्रं तुडवायची?" म्हणून अडतो तेव्हा म्हणते की समुद्र आहे ना, त्याला कोण आटवणार? तो रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून निघायचा, हे सरांनी सांगितलं होतं. आपल्याकडे समुद्र म्हणजे तुझ्या आईचा लाल शालू. त्यावर अ‍ॅगमेम्नॉनची कोल्हापुरी पडली आणि काकू प्रेक्षकांत उठून उभ्या राहिल्या, ते मला आजही त्या प्रवेशाचं सर्वांत खरं वाचन वाटतं.

आणि खून झाल्यावर, नवऱ्याचं आणि त्याने ट्रॉयहून आणलेल्या कॅसँड्राचं अशी दोन प्रेतं समोर, तेव्हा कुठे ती तोंड उघडते. तीन वार सांगते. त्याच्या रक्ताचा शिंतोडा अंगावर आला तेव्हा दाणा धरताना पिकाला पावसाचा व्हावा तसा आनंद झाला म्हणते. मग म्हाताऱ्यांवर उलटते: माझ्या पोटची पोर यानं मेंढरासारखी कापली, तेव्हा तुम्ही कुठे होता? पुढे तर म्हणते, पाताळात इफिजेनियाच त्याला मिठी मारायला येईल. हे सगळं नंतर. एस्किलसने तिला आधी बोलू दिलं नाही, आणि मला तेच पटतं. दहा वर्षं जे गिळून ठेवलंय ते दिसायला लागलं तर तो नवरा न्हाणीघरापर्यंत येईल का? तो मुलगा म्हणतो, "पण मॅम, इमोशन?" मी म्हटलं, तुझं लग्न झालंय का?

पण खरी अडचण ही नाहीच. खरी अडचण अशी की ती एवढ्या कारणांची यादी देते, मुलगी, ती कॅसँड्रा, ट्रॉयजवळच्या बाकीच्या बायका, त्या घराण्याचा जुना शाप, वर प्रियकर एजिस्थस माझ्या चुलीत विस्तव पेटवतो तोवर मी कुणाला भीत नाही म्हणते. आणि त्या अख्ख्या यादीत घरात जिवंत असलेल्या मुली नाहीत. मेलेल्या मुलीसाठी राजा मारला, आणि दुसरी त्याच वाड्यात मोलकरणीसारखी राहते.

कळलं ना तुला, मी कुठे अडकले?

तो फोटो आठवतो तुला. मी शाळेतून येऊन दप्तर कुठे टाकलं हे आईला कधी कळलं नाही, पण ताईचा हार सुकलेला तिला स्वयंपाकघरातून कळायचा. सरांनी मला इलेक्ट्रा दिली तेव्हा तू म्हणालीस, "तुला अभिनय करावाच लागणार नाही." त्यावरून मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता तीच मी उभी राहून "माझ्या पोरीसाठी केलं" म्हणायचं, आणि समोर बाळ्याची भाची इलेक्ट्रा म्हणून बसलेली. डोळे अगदी माझे आहेत गं कारटीचे. वाचताना ती माझ्याकडे बघते आणि माझा आवाज बसतो. सगळे म्हणतात ज्येष्ठमध चघळ.

म्हणून मी दुसऱ्या ग्रीक नाटककाराकडे, युरिपिडीसकडे गेले. त्याच्या इलेक्ट्रामध्ये ती एका गरीब शेतकऱ्याला दिलेली आहे, ते आठवत असेल. ती आईला निरोप धाडते की मी बाळंत झाले, दहाव्या रात्रीचे विधी मला येत नाहीत, ये. आणि ती येते. रथातून, दासी घेऊन, झगमगत येते, मान्य, पण येते. माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं सुमे. या बाईला दोन वेळा फसवलंय, आणि दोन्ही वेळा लेकीच्या मंगलकार्याचं आमंत्रण देऊन. ऑलिसला बोलावलं ते अकिलीजशी लग्न आहे म्हणून. त्याच युरिपिडीसच्या ऑलिसच्या नाटकात तीही लगबगीने लेकीला घेऊन जाते. दुसऱ्यांदा बाळंतपण. दोन्हीकडे लग्न नाही, बाळ नाही, सुरी आहे. पहिल्यांदा नवऱ्याने केलं, दुसऱ्यांदा पोटच्या पोरांनी. आणि मरायच्या जरा आधी ती इलेक्ट्राला म्हणते की पोरी, जे केलं त्याने मी काही फार सुखात नाही. त्याआधी पोरगी एवढं टाकून बोलते, तरी ही रागवत नाही, म्हणते काही लेकरं बापाची असतात, काही आईची, मी समजून घेते.

एस्किलसच्या राणीच्या तोंडी हे कधीच आलं नसतं. ती मुलाला छाती दाखवते, आणि त्याआधी घरातली दाई येऊन सांगून गेलेली असते की त्याला वाढवलं मी, त्याचे लंगोट धुतले मी!

माझ्या मुक्तीच्या बारशाला आई आली होती. तू होतीस, घुगऱ्यांचं ताट हातात होतं तुझ्या. पाळण्यात वाकून तिने ताईचं नाव घेतलं आणि मी सगळ्या बायकांसमोर "नाही" म्हटलं. इतकी वर्षं मला तिने घेतलेलं नावच ऐकू येत होतं. त्या गुडघ्यांनी, दोन एसट्या बदलून ती आली होती, हे मला युरिपिडीस वाचताना पहिल्यांदा सुचलं. माफ केलं वगैरे नाही हं, उगाच डोळे पुसू नकोस. नाव चुकीचंच होतं. पण आली होती.

गेल्या वर्षी ग्रीसला गेलो होतो ते तुला फोटोंतून कळलंच असेल. फोटोंत मी सिंहद्वारापुढे टोपी घालून हसते आहे, ते सोड. मायसीनीच्या तटाबाहेर एक घुमटाची कबर आहे, इ.स.पू. तेराव्या शतकातली, तिला क्लायटेम्नेस्ट्राचं थडगं म्हणतात. 1876 मध्ये श्लीमान आत गडावर सोन्याचे मुखवटे उकरत होता तेव्हा इथलं खोदकाम त्याच्या बायकोने, सोफियाने, पाहिलं. आता राणीचा आणि त्या थडग्याचा पुराव्याने काही संबंध नाही, नावं मागाहून चिकटलेली. पण पॉसेनियस नावाचा प्रवासी इ.स.च्या दुसऱ्या शतकात तिथे गेला, त्याला लोकांनी सांगितलं की अ‍ॅगमेम्नॉन तटाच्या आत पुरलाय. बाई आणि तिचा एजिस्थस जरा बाहेर, कारण आत पुरायची त्यांची लायकी नव्हती. म्हणजे मेल्यावरही बाहेरची खोली. आणि त्या थडग्याकडे जाणारी जी दगडी वाट आहे ना, ती पुढे मातीखाली गेली, आणि खाली काय आहे याचा पत्ता नसताना लोकांनी शेकडो वर्षांनी तिच्यावरच नाट्यगृह बांधलं! आजही बाकांची एक ओळ त्या वाटेवर आडवी दिसते. मी हात लावून पाहिला त्या दगडाला. हे मागून ओरडत होते, बस सुटेल.

बाळ्याला सुरुवातीला ‘ग्रीक राण्या’ म्हणून दहा मिनिटांचं निवेदन हवंय, तेही माझ्याच बोडक्यावर. ते सोपं आहे. आर्टेमिसिया घेते: इ.स.पू. 480, सालामिसची लढाई, ही इराणी सम्राट झर्क्सीसच्या बाजूने पाच जहाजं घेऊन आलेली, आणि पाठलाग चुकवायला हिने आपल्याच बाजूचं जहाज बुडवलं. लांबून बघणाऱ्या झर्क्सीसला वाटलं शत्रूचं बुडवलं, तो म्हणाला माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष. टाळ्या नक्की. मग अलेक्झांडरची आई ऑलिम्पियास, जिने सावत्र सुनेला तलवार, दोर आणि विष पाठवून निवड म्हणून सांगितलं. तिथे बायका एकमेकींकडे बघतील. ओडिसियसची बायको पेनेलोपी मी गाळणार आहे. होमर अ‍ॅगमेम्नॉनच्या भुताकडून बायको कशी असावी तर पेनेलोपीसारखी म्हणून वदवतो, आणि त्या अख्ख्या ‘ओडिसी’त इफिजेनियाच्या बळीचा उल्लेख नाही. बरं, तुझी लाडकी पेनेलोपी वर झोपली होती तेव्हा खाली बारा दासींना फासावर दिलं, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालीस झोपली होती यात तिचा काय दोष. आता तरी बदललंस का मत?

तुझं राहिलंच. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, थेंब वेळेवर घाल. नितूला नोकरी लागली, छान. भाऊजींनी बाग केली म्हणे गच्चीवर, त्यांना सांग कढीलिंबाला ताक घाला.

आणि आता काम. सरांनी तुझ्या स्वगताच्या स्पर्धेसाठी युरिपिडीसचा तो तुकडा मराठीत करून दिला होता, आई रथातून उतरते तिथपासूनचा. निळ्या कव्हरच्या वहीत, पेन्सिलीने. ती वही तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस, तू रेशनकार्डही टाकत नाहीस. मला त्यातली ती एक ओळ हवी आहे. एस्किलसमध्ये युरिपिडीस घुसडला तर सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं, आणि हा मुलगाही ‘टेक्स्ट’ म्हणून नाचेल. पण त्याच्या ते ध्यानात येणार नाही. तो माझ्या ओळी वाचतच नाही, माझ्या भुवयांकडे बघतो. शेवटच्या भागात तिचं भूत झोपलेल्या सूडदेवतांना "झोपता काय!" म्हणून दरडावतं ना, त्याच्या अलीकडे मी ती सरकवणार आहे. (तिथे आपली कुमी खरंच घोरली होती, आणि सर विंगेतून म्हणाले, राहू दे, संहितेत आहे.)

वही कुरिअरने पाठव, मोबाइलवर फोटो नको, मला ती पेन्सिल दिसत नाही. आणि एक खरं सांग. वस्त्रं अंथरून झाल्यावर तू दारात पाठ करून उभी राहायचीस, केवढा वेळ, सर घड्याळ बघायचे. तेव्हा तुझ्या डोक्यात कोण असायचं? इफिजेनिया म्हणालीस तर मी त्या मुलाचं ऐकीन. शालू म्हणालीस तरी चालेल.

उत्तर पत्रानेच हवं, अंगठा दाखवलास तर बघ.

तुझी,
नली

ता. क. प्रयोग जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे. बडोद्याहून रात्रीची गाडी असते. मी काही म्हणत नाही.