तेरा विरुद्ध अडतीस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मागणारा तुझा ठराव पंचायत समितीत पडला, आणि आता पुन्हा तोंड उघडणार नाही, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

कॉलेजात आपण गोपाळ कृष्ण गोखल्यांवरून किती भांडायचो, आठवतं? ‘या मवाळ माणसानं मिळवलं काय?’ असं तू विचारायचास आणि मी गप्प बसायचो. यंदा त्यांची कायदेमंडळातली भाषणं वाचून काढली. आता गप्प बसवत नाही.

वडील गेले तेव्हा गोखले तेरा वर्षांचे होते. थोरल्या भावानं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळच्या शिक्षणाला पाठवले. भावाच्या मोडलेल्या शिक्षणावर आपलं शिक्षण उभं आहे, हे ते कधी विसरले नसावेत असं मला वाटतं. १९०२ पासून दर अर्थसंकल्पाला ते सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून मिठावरच्या करावर बोलत राहिले, कारण तो कर गरिबाच्या भाकरीवर बसत होता. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. एकट्या त्यांच्यामुळे नव्हे, पण त्यांनी पाठ सोडली नाही.

मग शाळेचा प्रश्न. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारनं विचार करू म्हटलं, ठराव मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी ते विधेयक घेऊन आले. किती जपून केलेलं विधेयक होतं ते! सक्ती सगळीकडे नाही. जिथली स्थानिक संस्था तयार असेल आणि सरकार मंजुरी देईल तिथेच. वय सहा ते दहा. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या आईबापांना फी माफ. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारनं उचलावा, उरलेला स्थानिक संस्थेनं. आणि सुरुवात फक्त मुलग्यांपासून, मुलींचं नंतर. हे मला फार लागलं. जोतीरावांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं, आणि तीस वर्षांनी मागणी दहावर आली, तीही अर्ध्याच पोरांसाठी.

एवढं आखडतं घेऊनही निभावलं नाही. लोक तयार नाहीत, पैसा नाही, शिक्षक नाहीत. तुझ्या बैठकीत तरी याहून वेगळं काय बोलले? मार्च १९१२ मध्ये मतं पडली: बाजूनं तेरा, विरुद्ध अडतीस. आपण हरणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं. आमच्या पिढीनं आपल्या अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा अर्थाचं ते त्या दिवशी बोलले. मी ते पान उघडं ठेवून कितीतरी वेळ बसून होतो.

तीन वर्षांनी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशभरातल्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्या पहिल्या ठरावानंतर शंभर वर्षं आणि चौदा दिवसांनी. यातल्या किती पिढ्या शाळेबाहेरच म्हाताऱ्या झाल्या, याचा हिशेब करायला बसलो की जीव कासावीस होतो.

म्हणून तुझं ‘पुन्हा नाही’ मला मान्य नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी गावागावांतून किती पोरं जातात, मागं कुणाची आजी राहते, कुणाचं कुणीच राहत नाही, याच्या याद्या करू. मी रजा काढून आठ दिवस येतो. तू फक्त बैठकीची तारीख कळव, आणि मागच्या वेळी तुझ्या बाजूनं हात वर केलेल्यांची नावं लिहून ठेव. आधी त्यांच्याकडे जाऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र