मुलांची खाती वेळेवर मुलांच्या हाती द्यावीत

संपादक महोदय,

बारावीनंतर मुले शिक्षणासाठी बाहेरगावी निघतात, तेव्हा दाखल्यांच्या फाइलपासून अंथरूण-पांघरुणापर्यंत सगळ्याची तयारी घरात आठवडेच्या आठवडे चालते. मात्र ज्या डिजिटल खात्यांवर ती लहानाची मोठी झाली, त्यांचे पुढे काय करायचे, हा विषय सहसा निघतच नाही. अनेक घरांत मुलीचे ईमेल खाते वडिलांनी उघडलेले असते, त्याला आईचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो आणि वयाची अट पार पडावी म्हणून जन्मतारीखही खोटी टाकलेली असते. मग वसतिगृहात नव्या फोनवर लॉगइन करताना ओटीपी येतो तो आईच्या फोनवर, आणि आई त्या वेळी कामावर असते.

फोटोंचा प्रश्न याहून गंभीर आहे. गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींना मिळून ती एकच असते. घरच्या सशुल्क योजनेत सहा जणांना वाढीव जागा वापरता येते, त्यामुळे बारशापासूनचे फोटो आणि व्हिडिओ त्यात बिनघोर साठत जातात. मुलाला त्या गटातून काढले, की त्याचे खाते पुन्हा १५ जीबींवर येते. साठा त्याहून जास्त असेल तर फोटो लगेच जात नाहीत, पण ईमेलची ये-जा बंद होते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाचा ईमेल न पोहोचणे किती महागात पडेल, हे पालकांना सांगायला नको. म्हणून सगळ्या फोटोंची प्रत आधी हार्ड डिस्कवर घ्यावी आणि मगच गट सोडावा.

चित्रपट-मालिकांचे त्या मानाने सोपे आहे. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतातही एक खाते एकाच घरापुरते मर्यादित केले. मात्र प्रोफाइल स्वतंत्र खात्यात हलवता येते आणि पाहिलेल्याची नोंद सोबत जाते. अ‍ॅपलच्या कौटुंबिक गटातून बाहेर पडणाऱ्याला मात्र इतरांनी विकत घेऊन सामायिक केलेली गाणी, चित्रपट, पुस्तके पुढे वापरता येत नाहीत. घरातल्या कपाटातले पुस्तक मुलगी जाताना सोबत नेऊ शकते, पैसे मोजून घेतलेले डिजिटल पुस्तक नेऊ शकत नाही, हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. त्यातला काही भाग मुलांच्या नावे करण्याची सोय कंपन्यांनी द्यायलाच हवी.

भारतात गूगल खाते स्वतः सांभाळण्याचे किमान वय १३ आहे, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. मधली पाच वर्षे हस्तांतरासाठीच वापरावीत, असे माझे स्पष्ट मत आहे: आधी स्वतंत्र प्रोफाइल आणि त्याचा पिन, मग पासवर्ड, आणि मुलाचा स्वतःचा क्रमांक झाला की ओटीपीसाठी तोच. अठरा वर्षांच्या मुलाने काय पाहिले याची नोंद आईवडिलांनी चाळत बसणे काळजीपोटी असले, तरी ते योग्य नव्हे.

आपले वृत्तपत्र दरवर्षी प्रवेशप्रक्रियेची माहिती तपशिलाने देते. त्यातच खात्याचा क्रमांक बदलणे, फोटोंची प्रत काढणे आणि गट सोडणे यांची कृती मराठीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक पालक, सांगली